थॉर्किलने ओतलेला पंखा

मोसेविगच्या बंदरात थॉर्किल ग्रूबेला सगळे मापाडी म्हणायचे, आणि तो शब्द कुणी चेष्टेने म्हटलेला त्याला खपायचा नाही. बावीस वर्षं तो तिथल्या शीडबोटींच्या क्लबाचा मापाडी होता. पगार नाही, भत्ता नाही, वर्षाकाठी एक बाटली आणि टाळ्या. पण लोखंडी टेप पँटच्या उजव्या खिशात कायम. चर्चमध्ये प्रार्थनेला उभा राहिला तरी खिसा फुगलेला दिसायचा, आणि पाद्रीबुवा म्हणायचे, "थॉर्किल, देवाचं माप नंतर काढ."

त्याचं काम समजायला एक गोष्ट कळायला हवी. शर्यतीतल्या सगळ्या बोटी सारख्या नसतात. कुणाची लांब, कुणाची जड, कुणाची शिडं मोठी. म्हणून मापाडी प्रत्येक बोटीचं माप काढतो आणि मंद बोटीला वेळेत सूट मिळते. आता शिडाची बोट झाली तरी बंदरात आत-बाहेर करायला पोटात लहानसं इंजिन असतंच, आणि इंजिन आलं की पाण्याखाली पंखा आला. वाऱ्यावर चाललेल्या बोटीला हा पंखा म्हणजे गळ्यातलं लोढणं. तीन पाती कायम उघडी ठेवून पाणी अडवत बसतो. त्याला तिथे ठाम पंखा म्हणायचे. ज्याचा पंखा ठाम, त्याला तासामागे दीड मिनिटाची सूट. ज्याला हे लोढणं नको तो पैसे मोजून मिटता पंखा घेतो, त्याची पाती इंजिन बंद झालं की मागे मिटतात; नाहीतर वळता घेतो, त्याची पाती पाण्याला धार दाखवून उभी राहतात. पण मग सूट विसरायची.

हे सगळं लिहायचं एका कागदावर, आणि कागदाखाली थॉर्किलची सही. त्या सहीवर बंदर चालायचं. एका वर्षी सख्ख्या मेहुण्याचं शीड चार बोटं जास्त भरलं, तर या पठ्ठ्याने त्याला शर्यतीतून बाद केलं. मेहुणा दोन नाताळ घरी फिरकला नाही. "येईल तिसऱ्याला," थॉर्किल म्हणाला, "भूक लागल्यावर." आणि तिसऱ्या वर्षी आला, बदक घेऊन.

पंख्यांबद्दल तर त्याला कुणी शिकवायला जाऊच नये. एकतीस वर्षं तो शेजारच्या गावात ओतकामाच्या कारखान्यात काशाचे पंखे ओतत होता. मासेमारांचे, टपालाच्या होड्यांचे, कसले कसले. पात्यावर बोट फिरवलं की त्याला कळायचं, हे पाणी किती ढकलेल. ओतलेल्या प्रत्येक पंख्याच्या बुंध्यावर तो छिन्नीने एक बारकासा मासा काढायचा. कारखान्याला ते मंजूर नव्हतं, आणि थॉर्किलला कारखान्याचं मत विचारायची सवय नव्हती.

आता वेर्नर. वेर्नर आल्बर्टसन हा थॉर्किलचा शाळेपासूनचा मित्र. थॉर्किलचा मुलगा आस्गर जन्मला तेव्हा बारशाला चर्चमध्ये त्याला हातात धरून उभा राहिला तो वेर्नर. त्याच वर्षी वेर्नरने 'स्वाले' नावाची बोट घेतली, आणि थॉर्किलने सुट्टीच्या दिवसांत खपून, स्वतःच्या हाताने तिच्यासाठी तीन पात्यांचा पंखा ओतला. भेट म्हणून. बुंध्यावर मासा. चौतीस वर्षं तो पंखा 'स्वाले'खाली फिरत होता. वेर्नर स्वभावाने नीटनेटका, म्हणजे अगदी जाच होईल इतका. त्याच्या दोऱ्या गुंडाळलेल्या, पितळ घासलेलं, गमबूटसुद्धा जोडीने उभे. बोट उत्तम, माणूस हुशार, पण शर्यत काही त्याला कधी जिंकता आली नाही. क्लबाच्या भिंतीवर विजेत्यांची तांब्याची पाटी होती, तिच्यावर त्याच्या बापाचं नाव सहा वेळा कोरलेलं. वेर्नरचं एकदाही नाही. चेष्टा व्हायची. तोही हसायचा. तो किती हसायचा हे आता आठवलं की राग येतो.

त्या वर्षी जानेवारीत वेर्नर पंख्यांची माहितीपत्रकं काखेत मारून आला. बाहेर बंदराच्या कडेला बर्फ धरलेला. स्वयंपाकघराच्या टेबलावर त्याने सगळी पत्रकं मांडली, कडेला कड लावून.

"थॉर्किल, सांग बाबा आता. मिटता घेऊ की वळता?"

थॉर्किलला काय, आनंदच झाला. निवृत्त माणसाला कुणीतरी त्याच्या धंद्यातलं विचारावं, यापरतं सुख नाही. त्याने लगेच बादलीत पाणी घेतलं, दोन लाकडी डाव बुडाशी बिजागरीने जोडले आणि सिग्नेच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, पुसलेल्या फरशीवर प्रयोग सुरू केला.

"हा तुझा मिटता. पुढे ढकलला की पाती उघडतात, जोर लावतात. थांबलास की मिटतात. पाण्याला कळतसुद्धा नाही की खाली पंखा आहे. पण आता बघ, मागे ओढतो. बघितलंस? पाती पुन्हा मिटायला बघतात. मागे बोलावलास की हा बहिरा!"

"फरशी कोण पुसणार?" सिग्ने म्हणाली.

"वेर्नर पुसेल. त्याचा पंखा आहे." आणि पुढे, "वळता पंखा महाग. दर वर्षी ग्रीस भरा, दोरी अडकली की रडवतो. पण पुढे जेवढा जोर, तेवढाच मागे. तुझी जागा कुठली? धक्क्याला नाक लावायचं, मागे दोन खांब. वाऱ्याच्या दिवशी बोट आत घातलीस आणि वेळेवर मागे खेचली नाही, तर नाक धक्क्यावर आपटणार. तुला वळताच हवा."

"आणि वेगाला?"

"वेगाला मिटता थोडा सरस. केसभर."

"केसभर म्हणजे किती?"

"केसभर म्हणजे केसभर रे! तुला डोक्यावर केस राहिले नाहीत म्हणून कळत नाही का?"

वेर्नर हसला. पण त्या महिन्यात त्याने हाच प्रश्न आणखी दोनदा विचारला. केसभर म्हणजे किती. एकदा तर तासाला किती सेकंद, असं नेमकं विचारलं. सिग्ने थॉर्किलला म्हणालीसुद्धा, "आपल्या घराच्या खिडक्या निवडताना तूसुद्धा एवढं डोकं नव्हतं घातलंस. इतकं काय विचारतोय वेर्नर?" थॉर्किल म्हणाला, "नीटनेटका आहे तो." आणि बसून रीतसर हिशोब केला. 'स्वाले'चं वजन, इंजिनाचा जोर, दांड्याची जाडी. पावाच्या कागदी पिशवीच्या पाठीवर दोन्ही पंख्यांची मापं लिहून दिली, किती इंचांचा, पात्यांना किती पीळ. सगळ्यात खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'वळता घे', आणि दोन रेघा ओढल्या.

मार्चमध्ये वेर्नर पुन्हा आला. या वेळी रिकाम्या हाताने.

"नाही घेत रे. जुनाच राहू दे."

"का? सगळं ठरलं होतं की."

"तू ओतलेला आहे तो. तो काढून दुकानातला बसवायचा, जिवावर येतं माझ्या."

थॉर्किल खिडकीकडे वळला आणि उगाच बाहेर बघत राहिला. डोळ्यांत पाणी आलं होतं, दुसरं काय. त्या दिवशी त्याने स्वतः फरशी पुसली.

एप्रिलमध्ये बोटी पाण्यात सोडायच्या आधी त्याने नेहमीप्रमाणे सगळ्यांची मापं काढली. 'स्वाले'खाली वाकला. तीन पाती, ठाम, बुंध्यावर मासा. त्याने पंख्याला हाताने थाप मारली, म्हणाला, "काय म्हातारबा, वाचलास," आणि कागदावर लिहिलं. ठाम पंखा, सूट लागू. खाली सही.

मे महिन्यापासून बुधवारच्या शर्यती सुरू झाल्या, आणि वेर्नर जिंकायला लागला. पहिला बुधवार. दुसरा. चौथा. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला सूर सापडला. थॉर्किल शर्यत संपली की धक्क्यावर उभा राहून मित्राला हात करायचा, आणि त्याला खरंच वाटायचं, देवाने एकदाची याची ऐकली. दुसरा नंबर बहुतेक वेळा मेरेताचा. मेरेता शाळेत स्वयंपाक करायची आणि नवऱ्यामागे राहिलेली लाकडी बोट एकटी हाकायची. तीस सेकंदांनी हरायची, चाळीस सेकंदांनी हरायची. हरली तरी बोट बांधून आधी सगळ्यांना कॉफी ओतायची.

जूनच्या एका बुधवारी पश्चिमेचा जोरदार वारा सुटला होता. तिथे जूनमध्ये दहा वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे सगळं बंदर धक्क्यावर राईच्या पावावर हेरिंग ठेवून खात बसलं होतं. 'स्वाले' जिंकून आत आली. खांबांच्या मधून शिरली, वेर्नरने थांबायला इंजिन उलटं फिरवलं. चौतीस वर्षं हा प्रकार थॉर्किल बघत होता: एक दणका, पाणी उसळतं, बोट जागेवर थांबते. या वेळी आधी काहीच झालं नाही. मग पाण्याखालून खट् असा आवाज आला. मग इंजिन नुसतं बोंबलायला लागलं, बोट मात्र सरळ पुढे, आणि धाडकन नाक धक्क्यावर. धक्क्यावरच्या कुणाच्या तरी हातातला पाव पाण्यात पडला.

सगळे हसले. थॉर्किल हसला नाही. मागे बोलावलास की हा बहिरा! बादलीतले दोन डाव त्याच्या डोळ्यांसमोर आले.

लोक पांगल्यावर तो वेर्नरकडे गेला. "वेर्नर, खाली काय आहे?"

"कुठे खाली?"

"बोटीखाली."

वेर्नर दोरी गुंडाळत होता, ती त्याने पुन्हा उलगडून पुन्हा गुंडाळली. "इंजिन दमलंय रे. डिझेलमध्ये घाण आहे. का, काय झालं?" मग थॉर्किलकडे बघून म्हणाला, "तू माझ्यावर संशय घेतोस? तू? तुझा पंखा आहे खाली, थॉर्किल."

आणि थॉर्किलच शरमला. आपण इतक्या वर्षांच्या दोस्ताला चोर ठरवायला निघालो, याची त्याला लाज वाटली. घरी गेला, सिग्नेला काही बोलला नाही.

दोन आठवड्यांनी मेरेता त्याच्या फाटकाशी आली. सायकलवरून उतरलीसुद्धा नाही.

"थॉर्किल, एक विचारू? रागावू नकोस. 'स्वाले'चा पंखा तू स्वतः बघितलास ना?"

रागावू नकोस म्हटल्यावर माणूस रागावतोच. "बघितलाय. मापलाय. माझी सही आहे त्याच्यावर. आणखी काय पाहिजे, बायबलवर हात ठेवू?"

"नाही," मेरेता म्हणाली, "तुझी सही आहे म्हटल्यावर झालं." आणि सायकल वळवून निघून गेली.

त्या वाक्याने थॉर्किलला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. पण विषय त्याने मनातून काढून टाकला, निदान टाकल्याचं नाटक तरी केलं. ऑगस्टअखेर तांब्याच्या पाटीवर वेर्नर आल्बर्टसनचं नाव कोरलं गेलं, बापाच्या नावाखाली. समारंभात वेर्नरने ग्लास उंचावला आणि भर सभेत म्हणाला, "हा ग्लास माझ्या मापाड्याला! त्याने ओतलेल्या पंख्याने मला इथवर आणलं." टाळ्या झाल्या. थॉर्किलने उठून मान लववली. अरे, काय माणूस हा! केसाने गळा कापायचा आणि वर त्याच्याच नावाने ग्लास उंचावायचा!

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी बोटी बाहेर काढायचा दिवस. या दिवशी अख्खा क्लब राबतो. क्रेन येते, पट्ट्यांत घालून एकेक बोट पाण्याबाहेर उचलतात, तळ फवाऱ्याने धुतात, आणि दुपारी मोठ्या पातेल्यातलं पिवळ्या वाटाण्याचं सूप. उन्हाळाभर पाण्याखाली काय होतं ते या दिवशी सगळ्यांना दिसतं. तळाला रंग असतो म्हणून तिथे एक वेळ शिंपले कमी बसतात, पण पंख्याला रंग टिकत नाही. पाच महिन्यांत पंखा पांढऱ्या, टोकदार शिंपल्यांनी नुसता बरबटून निघतो. मेरेताचा पंखा तर ओळखू येत नव्हता. "यावर माझी बोट दुसरी आली," ती म्हणाली, "शिंपल्यांनाच बक्षीस द्या." लोक खो खो हसले.

फवारा थॉर्किलच्या हातात होता. क्रेनच्या पट्ट्या लावायला पाणबुड्याच्या पोशाखात आस्गर पाण्यात. चौतीस वर्षांचा आस्गर हा मोसेविगमधला एकुलता एक पाणबुड्या. नांगराच्या साखळ्या, धक्क्याचे खांब, अडकलेल्या दोऱ्या, सगळ्यांची पाण्याखालची कामं तोच करायचा.

'स्वाले'ची पाळी आली. बोट वर आली, पाणी निथळलं. तळाला हिरवट बुळबुळीत थर, सुकाणूवर शिंपले, पंख्याच्या दांड्यावर शिंपल्यांची रांगच रांग, थेट पंख्यापर्यंत. आणि तिथे ती रांग थांबली. पंखा तीन पात्यांचा, ठाम, बुंध्यावर मासा. आणि लखलखीत. उन्हात नजर ठरेना इतका चकाकत होता.

"मार फवारा!" वेर्नर ओरडला. "थॉर्किल, मार ना, वेळ कशाला घालवतोस?"

थॉर्किलने फवारा खाली ठेवला.

कुणाला काही सांगायची गरजच नव्हती. तिथे उभं असलेलं प्रत्येक माणूस जन्मभर बोटी काढत आणि घालत आलेलं. मेरेता पुढे झाली, तिने पात्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. स्वच्छ. पाच महिने पाण्यात राहिलेला पंखा असा असतो का? हा पंखा उन्हाळाभर वेर्नरच्या गोदामात आरामात बसला होता, बोटीखाली मिटता फिरत होता, आणि हा आठवड्यापूर्वी पुन्हा बोटीवर चढला होता. आणि चढवण्याआधी वेर्नरने तो घासला होता. पकडले जाऊ, निदान डागळलेला तरी असू द्यावा, एवढंही त्याला सुचलं नाही. मळलेलं कासं बोटीला लावायचं, हे त्याच्या हातांना जमलंच नाही. जन्मभराच्या टापटिपीनेच त्याला उघडं पाडलं.

"एकच वर्ष रे," वेर्नर हळूच म्हणाला. चेहरा पांढराफटक. "बापाचं नाव सहा वेळा आहे त्या पाटीवर. मला एकदाच हवं होतं."

"माझं नाव दर वर्षी तुझ्या कागदावर आहे," थॉर्किल म्हणाला.

आणि मग त्याच्या लक्षात आलं की लोक वेर्नरकडे बघतच नाहीयेत. ते त्याच्याकडे बघताहेत. थॉर्किलकडे. सही कुणाची आहे? पंखा कुणाचा? मित्र कुणाचा? मेरेताला फाटकातून तडकून कुणी पाठवलं? एक-दोघांनी नजर दुसरीकडे वळवली, आणि ते बघण्याहून वाईट होतं. क्लबाच्या अध्यक्षबाई पुढे येऊन म्हणाल्या, "आम्हाला ठाऊक आहे, तुझा यात हात नाही." त्यांना असं सांगावं लागलं, हेच त्याला डाचलं.

पण खरा घाव अजून बसायचा होता. थॉर्किल धातूचा माणूस. डोकं आपोआप पुढचं काम मोजायला लागलं. मे महिन्यात बोट पाण्यात असताना हा पंखा काढला. आठवड्यापूर्वी बोट पाण्यात असतानाच तो परत बसवला. पाण्याखाली. वेर्नरला तर पोहतासुद्धा धड येत नाही.

त्याने मान वळवून पाण्याकडे बघितलं. आस्गर शिडीला धरून उभा होता. बापाची नजर आली तशी त्याने मान खाली घातली नाही, हेच विचित्र होतं. उलट तो बापाला धीर द्यावा तसा बघत होता.

थॉर्किल धक्क्याच्या कडेला गेला, गुडघ्यावर बसला. "तू केलंस?"

"हळू बोला, बाबा."

"तू केलंस का?"

"मिटता मी बसवला, आणि मीच काढला. वेर्नरकाका म्हणाले, तुम्हाला सगळं माहीत आहे. दोघांनी मिळून ठरवलंय म्हणाले."

"आणि तुला ते खरं वाटलं?"

"त्यांच्याकडे कागद होता. पावाची पिशवी. मिटत्या पंख्याची मापं, इंच, पीळ, सगळं तुमच्या हातचं. मी तुमचं अक्षर ओळखत नाही का?"

"खाली काय लिहिलं होतं?"

"खाली काही नव्हतं. तिथे फाडलेला होता."

मागे क्रेनवाला विचारत होता, बोट खाली घेऊ की नको. कुणीतरी त्याला गप्प केलं.

"मे महिन्यापासून," थॉर्किल म्हणाला, "दर रविवारी तू माझ्या घरी जेवलास."

"हो."

"बाप लबाड आहे असं समजून जेवलास. आणि एका शब्दाने विचारलं नाहीस."

"काय विचारणार, बाबा? मला वाटलं, तुम्हाला बोलायला नको असेल. म्हणून मीही मूग गिळले." आस्गरने ओला हात बापाच्या गुडघ्यावर ठेवला. "मला खरंच वाईट नव्हतं वाटलं. म्हटलं, मित्रासाठी माणूस करतो कधीतरी. मी तुम्हाला कमी नाही लेखलं."

बिचारा मुलगा! त्याला वाटलं आपण बापाचं सांत्वन करतोय. त्याने जरा शंका घेतली असती, भांडला असता, बाबा हे काय चालवलंय म्हणून ताट सारून उठला असता, तर थॉर्किलने त्याला मिठी मारली असती. पण त्याने माफ करून टाकलं होतं. बावीस वर्षं ज्या सहीसाठी मेहुणा तोडला, मेरेताला दुखावलं, ती सही विकता येते, असं घरच्या पोराने पाच महिने गृहीत धरलं होतं, आणि बटाट्यांवर रस्सा वाढून घेतला होता.

थॉर्किल उठला. आस्गरच्या पेटीतून त्याने पाना घेतला, पट्ट्यांत लटकणाऱ्या 'स्वाले'खाली गेला आणि पंखा सोडवायला लागला.

"अरे, तो माझा आहे," वेर्नर म्हणाला.

"मी दिला होता," थॉर्किल म्हणाला. "आता परत नेतोय."

कुणी अडवलं नाही. पंखा त्याने ढकलगाडीत घातला आणि सूप न पिता घरी गेला. सिग्नेने दारात बघितलं, पंखा बघितला, नवऱ्याचं तोंड बघितलं, आणि गाडीचा एक दांडा स्वतः धरला. त्या दिवसापासून तो पंखा त्यांच्या अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली पडून आहे. पावसाने हिरवा झालाय. थॉर्किल त्याला घासत नाही.

वेर्नरचं नाव पाटीवरून खरवडलं गेलं आणि मेरेताचं आलं. वेर्नरने 'स्वाले' विकली. तो रस्त्यात दिसला की थॉर्किल पलीकडच्या बाजूने जातो. हे त्याला जमतं. रविवारी आस्गर येतो, ते मात्र जमत नाही. आस्गर पूर्वीसारखाच येतो, हसतो, दुसऱ्यांदा वाढून घेतो. त्याने माफी मागितली, रडलासुद्धा एकदा. थॉर्किल म्हणाला, "झालं ते झालं, जेव." पण वाढताना हात जड होतो.

फेब्रुवारीत क्लबाची वार्षिक सभा भरली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "मापाडी म्हणून थॉर्किल ग्रूबेच राहावा असं मंडळाला वाटतं. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा." सबंध खोलीत एक हात खाली राहिला नाही. मेरेताने तर दोन्ही वर केले. लोकांनी त्याची सही त्याला परत दिली होती, मनापासून दिली होती, आणि तो उठून आभार मानायलाच निघाला होता.

तेवढ्यात त्याची नजर आस्गरवर गेली. सगळ्यांत आधी वर गेलेला हात आस्गरचाच होता. ताठ, अभिमानाने. थॉर्किल त्या हाताकडे बघत राहिला. बाप लबाड आहे असं ज्या वर्षी याला वाटत होतं, त्या वर्षी ही सभा झाली असती, तर तेव्हाही हा हात असाच वर गेला असता. इतकाच ताठ.

त्याने उजव्या खिशातून टेप काढली आणि टेबलावर ठेवली.

"दुसरा कुणीतरी बघा," तो म्हणाला, आणि कोट उचलून घरी गेला.